उठबस

ठाण्याचा बाळकुम नाका मागे टाकून कशेळीच्या पुलावरून खाडी ओलांडली, की भिवंडीच्या रस्त्याला आधी सोफे दिसतात, माग नंतर. कशेळी आणि काल्हेर या दोन गावांत फर्निचरची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत. मेट्रोच्या कामाची धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकात गुंडाळलेले सोफे, भिंतीला टेकवून ठेवलेले पलंग, दारापुढे मांडलेल्या डायनिंगच्या खुर्च्या. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत इथे ठाणे, कल्याण, डोंबिवली, मुलुंडहून माणसं येतात. नव्या फ्लॅटचा ताबा मिळालेला असतो, हातात टेप असते आणि मोबाइलमध्ये हॉलचा फोटो.

या लेखासाठी मी अशा दुकानांत बराच वेळ नुसती बसून राहिले. गिऱ्हाइकं काय विचारतात ते ऐकत. कापड कुठलं, फोम बसणार तर नाही, वॉरंटी किती वर्षांची, डाग पडला तर धुता येईल का. मग दुकानदाराचा प्रश्न: टीव्ही कुठल्या भिंतीवर आहे? त्या उत्तरावर सोफ्याचं तोंड ठरतं, सोफ्याच्या तोंडावर घरातल्या माणसांची तोंडं ठरतात. इथे बसून एकमेकांशी बोलता येईल का, हा प्रश्न तेवढ्या वेळात एकदाही माझ्या कानावर आला नाही.

एका कुटुंबाबरोबर आजी आल्या होत्या. बाकीचे सोफ्यावर बसून, दाबून, रेलून पाहत होते, आजी उभ्या. सुनेनं दोनतीनदा आग्रह केला तेव्हा त्या अगदी कडेला टेकल्या, पदर गुडघ्यांवर ओढून. सोफा खोल होता. पाठ टेकवली तर पाय जमिनीला पुरत नव्हते. हॉलची लांबी मोजली गेली, दाराची रुंदी मोजली गेली, लिफ्टमध्ये मावेल का तेही पाहिलं गेलं. आजींच्या गुडघ्याची उंची मात्र कोणी मोजली नाही. त्या घरात दिवसभर त्या सोफ्याच्या सोबतीला त्याच असणार आहेत.

मराठीत नातं मोजायचं माप बसण्याचं आहे. ‘त्यांची आमच्याकडे उठबस आहे’ म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. मांडीला मांडी लावून बसणं, पंगतीला बसणं, रुसून बसणं, ठाण मांडणं, अशी आपली भाषाच बसण्यावर उभी आहे. सत्तेला तर आपण सरळ खुर्ची म्हणतो. दारात आलेल्याला ‘या’नंतरचा दुसरा शब्द ‘बसा’. तो उच्चारला गेला नाही, तर माणूस चहा पिऊनही अपमान घेऊनच पायऱ्या उतरतो.

माझं आजोळ भिवंडी तालुक्यातलं. ओटीवर बंगई, भिंतीलगत लाकडी बाक, खाली शेणानं सारवलेलं अंगण. आजोबा बंगईवर, गावातली मोठी माणसं बाकावर, कुळं पायरीवर, आणि लाकडाची मोळी घेऊन आलेल्या कातकरी बायका अंगणात उकिडव्या. कोणी कोणाला जागा दाखवत नसे. लाकडानं आणि दगडानं ती आधीच ठरवून ठेवली होती. आजीची जागा उंबऱ्याच्या आत, पाटावर. पण दुपारी पुरुष माणसं आडवी झाली, की शेजारची काकू यायची आणि दोघी बंगईवर बसायच्या. बंगईवर दोघींनी बसायचं तर पायाचा रेटा एका तालात द्यावा लागतो, नाहीतर ती तिरकी हेलकावते. त्या दोघी बोलत कमी आणि झुलत जास्त. आजीचा चेहरा इतका मोकळा मी दुसऱ्या कुठल्या वेळी पाहिला नाही. चार कड्यांच्या त्या फळीनं तिला रोज तासभर जे दिलं, ते घरातल्या कुणी दिलं नव्हतं.

हे आठवताना अंगणातल्या त्या उकिडव्या बायका वगळून चालणार नाही. जुन्या वाड्यातल्या बैठकीचं कौतुक करणारे लेख दिवाळी अंकांत पुष्कळ येतात. त्यात ओटीवरून अंगण दिसतं, अंगणातून ओटी कशी दिसायची ते येत नाही. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमराव आंबेडकरांना वर्गातल्या इतर मुलांपासून वेगळं, गोणपाटाच्या तुकड्यावर बसावं लागे. तो तुकडा रोज घरी न्यायचा आणि रोज घेऊन यायचा, कारण शाळेचा नोकर त्याला हात लावत नसे. बाबासाहेबांनी स्वतःच हे लिहून ठेवलं आहे. आपल्याकडच्या बसण्याच्या साधनांचा इतिहास कोणी लिहिला, तर त्यात मयूर सिंहासनाच्या आधी त्या गोणपाटाचं पान यायला हवं. माणसाला माणसापासून तोडायला भिंत लागत नाही, एवढा एक तुकडा पुरतो.

मग जोडायला काय लागतं? या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध शोध फार उशिरा सुरू झाला आणि तोही एका मनोरुग्णालयात. कॅनडातल्या सास्काचेवान प्रांतात वेबर्न इथल्या मोठ्या मनोरुग्णालयाचे प्रमुख हम्फ्री ऑस्मंड यांच्या लक्षात आलं, की काही खोल्या माणसांना एकमेकांकडे ओढतात आणि काही दूर लोटतात. रेल्वे स्टेशनचं प्रतीक्षालय दूर लोटणारं, एकमेकांकडे तोंड असलेली टेबलं जवळ आणणारी. रॉबर्ट सॉमर हा तरुण मानसशास्त्रज्ञ त्यांच्यासोबत काम करत होता. वृद्ध स्त्रियांच्या वॉर्डात नवा रंग, नवे पडदे, नव्या खुर्च्या असं सगळं आलं होतं. तरी बायका गप्प. सॉमरनं पाहिलं, खुर्च्या भिंतीला पाठ लावून ओळीनं मांडलेल्या. शेजारणीशी बोलायचं तर मान वळवायची, समोरचीशी बोलायचं तर खोलीभर ओरडायचं. सफाई करणाऱ्यांना ती मांडणी सोयीची होती, एवढंच तिचं कारण. त्यानं छोटी टेबलं आणून त्यांच्याभोवती खुर्च्या लावल्या. सुरुवातीला बायकांनाच ते रुचेना, खुर्च्या पुन्हा भिंतीकडे जात. काही आठवडे नेटानं टेबलं तिथेच ठेवल्यावर त्या वॉर्डातलं बोलणं जवळजवळ दुप्पट झालं. औषध तेच होतं, माणसं तीच होती.

सॉमरचं दुसरं निरीक्षण मला कशेळीच्या दुकानांत पुन्हा पुन्हा आठवत होतं. रुग्णालयाच्या उपाहारगृहात टेबलाच्या कोपऱ्याला काटकोनात बसलेली माणसं शेजारी-शेजारी बसलेल्यांपेक्षा दुपटीनं बोलत होती, आणि शेजारी-शेजारी बसलेली माणसं टेबलाच्या आरपार समोरासमोर बसलेल्यांपेक्षा तिपटीनं. समोरासमोर बसलं की डोळ्याला डोळा भिडतो आणि तो हटवला तर ते जाणवतं. शेजारी बसलं की चेहरा दिसत नाही. काटकोनात हवं तेव्हा पाहता येतं आणि हवं तेव्हा नजर सहज खिडकीकडे नेता येते. अवघड गोष्ट बोलायला हीच जागा बरी. मुलीचं लग्न मोडल्याचं, नोकरी गेल्याचं, डॉक्टरांनी काय सांगितलं त्याचं बोलणं समोरासमोर बसून जमत नाही.

गंमत म्हणजे आज सगळ्यात जास्त मागणी ज्या सोफ्याला आहे तो ‘एल शेप’चा, म्हणजे बरोबर काटकोनाचा. घरोघरी तो कोपरा आलेला आहे. पण त्या कोपऱ्यात उशा रचलेल्या असतात, कधी टेडी बसवलेला असतो, आणि माणसं दोन टोकांना, टीव्हीकडे तोंड करून. बोलण्याची सर्वात चांगली जागा आपण पैसे मोजून विकत घेतो आणि तिथे उशी बसवतो.

मऊ बसायला मिळालं की मनही मऊ होतं असं सांगणारा एक प्रयोग २०१० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. कठीण खुर्चीवर बसून घासाघीस करणारे कमी झुकतात, मऊ खुर्चीवरचे जास्त. असल्या छोट्या प्रयोगांवर मी फार भार टाकणार नाही. कारण भिवंडीत मी जे पाहिलं ते याच्या उलट आहे. इथली सर्वात जास्त जवळीक मी पाहिली ती सुंभाच्या खाटेवर.

काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा करत शहरात शिरलं की सोफे संपतात आणि खडखडाट सुरू होतो. २०११च्या जनगणनेत ७ लाख ९ हजार लोकसंख्या असलेलं हे शहर यंत्रमागांवर उभं राहिलं. १९८२च्या जानेवारीत मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर कापडाचं पुष्कळसं काम इथल्या कारखान्यांकडे आलं. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण इथून आलेले कामगार बारा-बारा तासांच्या पाळीत माग चालवतात. एकेकाकडे चार, सहा, कधी त्याहून जास्त माग. तुटलेला धागा जोडायचा, धोट्यातली कांडी बदलायची, पुन्हा पुढच्या मागाकडे. मजुरी मीटरवर, म्हणजे जितकं कापड तितके पैसे. दोन मागांमधली वाट इतकी अरुंद, की दोन माणसं समोरून आली तर एकाला अंग चोरावं लागतं. इतकी जवळ असून ही माणसं पाळीभर बोलू शकत नाहीत. आवाज बोलू देत नाही. हातवारे आणि ओठांची हालचाल, एवढ्यावर काम चालतं. आणि बसायला काही नाही. उलटा घातलेला डबा, सुताच्या कोनांची गोणी, मागाच्या कडेची लोखंडी पट्टी, यांवर क्षणभर टेकायचं.

पाळी सुटते तेव्हा ही माणसं आधी बाहेरच्या खाटेवर येतात. शांतीनगर, गैबीनगरच्या गल्ल्यांत कारखान्याच्या दाराशी अशी खाट असतेच. तिची घडण नीट पाहण्यासारखी आहे. सुंभ किंवा नवार मधोमध सैल पडते, त्यामुळे दोन माणसं दोन टोकांना बसली तरी हळूहळू मध्याकडे घसरतात. खांद्याला खांदा लागतो. खाटेला पाठ नाही, हात नाहीत, हा तुझा भाग हा माझा असं काही नाही. तीन माणसं बसतात तिथे चौथा आला तर ‘बैठ जाओ’ म्हणत सगळे सरकतात. सोफ्यावर हे होत नाही; तीन जणांच्या सोफ्यावर चौथा बसला तर तो तिघांनाही अडचण वाटतो. गावाकडे फोन लावला जातो तो इथेच, स्पीकरवर, आणि एकाच्या घरचं बाळंतपण सगळ्या खाटेला कळतं. तासाभरात त्याच खाटेवर कोणीतरी आडवं होतं. खोल्यांतही तसंच. दिवसपाळीवाला उठून जातो तेव्हा रातपाळीवाला त्याच अंथरुणावर येऊन पडतो. एका चादरीत दोन माणसांचा घाम मुरलेला असतो आणि आठवड्यात त्यांची एकमेकांशी भेट जेमतेम होते. या जवळिकीला काय म्हणावं, मला शब्द सापडत नाही. तिला गोड म्हणणं मात्र अन्याय होईल. ती गरिबीनं लादलेली आहे.

जेवण भिशीत. महाराष्ट्रात इतरत्र भिशी म्हणजे दरमहा पैसे साठवणारा गट, भिवंडीत भिशी म्हणजे खानावळ. बायका चालवतात. जमिनीवर चटई किंवा नुसती फरशी, दोन ओळी, पुढ्यात ताट. मागाच्या आवाजात दिवसभर गप्प राहिलेली माणसं इथे खाली बसली की बोलायला लागतात. जेवणाऱ्यांचे डोळे एका पातळीवर असतात. वाढणारी बाई वाकते तेव्हा तिचाही चेहरा त्याच पातळीवर येतो. ‘आज कमी जेवलास’ हे तिला दिसतं ते त्यामुळेच.

आता मला जे सांगायचं आहे तिथे येते. या शहराचं नाव महाराष्ट्रात एकेकाळी दंगलीसाठी घेतलं जायचं. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीतून इथे दंगल पेटली, तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती दि. प्र. मादन यांचा आयोग नेमावा लागला. मे १९८४ मध्ये पुन्हा. त्या वेळची आग ठाण्यात आणि मुंबईत पसरली. दोन्ही वेळी शहरात शांतता समित्या नव्हत्या असं नाही. होत्या. पुढारी, प्रतिष्ठित, दोन्ही समाजांची वजनदार मंडळी त्यांत असत. सण जवळ आला किंवा वातावरण तापलं की त्यांना बोलावणं जाई. पोलीस ठाण्यातली बैठक कशी असते ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना वर्णन करून सांगायला नको. साहेबांचं मोठं टेबल, त्यामागे उंच पाठीची खुर्ची, समोर मानकऱ्यांच्या खुर्च्या. ज्याच्या घराला आग लागणार, ज्याचा हातगाडा उलटणार, तो त्या खोलीत नसतोच. आणि कधी गेलाच तर दाराशी उभा असतो.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्यांनी हा क्रम उलटा केला. वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या स्थापन केल्या. त्यांत पुढाऱ्यांऐवजी रोज एकमेकांच्या दारावरून जाणारी साधी माणसं घेतली, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. त्या-त्या भागातल्या पोलिसाला समितीशी बांधून घेतलं. बैठका मोहल्ल्यात, पोलीस ठाण्यात नव्हेत, आणि दंगलीची चाहूल लागण्याची वाट न पाहता नियमित. विषयही सुरुवातीला पाणी, गटार, भाडेकरूंची भांडणं, पोरांची मारामारी. ६ डिसेंबर १९९२ला बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर आणि पुन्हा जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे ९०० माणसं मारली गेली. पन्नास किलोमीटरच्या आतलं, त्याआधी दोनदा जळून गेलेलं भिवंडी त्या वेळी शांत राहिलं. मुंबई जळाली आणि भिवंडी का जळाली नाही, या प्रश्नावर खोपडे यांनी पुढे पुस्तक लिहिलं. आशुतोष वार्ष्णेय यांनी हिंदू-मुस्लीम संघर्षावरच्या २००२च्या ग्रंथात भिवंडीच्या या प्रयोगाची दखल घेतली.

अभ्यासकांनी याची कारणं नागरी संबंध, पोलिसांची प्रतिमा, अफवा रोखण्याची यंत्रणा अशी मांडली आहेत, आणि ती खरी आहेत. मला त्यांत एक साधी गोष्ट जोडायची आहे. साहेबांचं टेबल त्या खोलीतून निघून गेलं. गल्लीत, कुणाच्या पडवीत, शाळेच्या वर्गात माणसं बसतात तेव्हा अधिकाऱ्याला कसलंच टेबल आडवं घालता येत नाही. त्याचे गुडघेही सगळ्यांच्या गुडघ्यांइतकेच उघडे पडतात. ज्या माणसाला तुम्ही महिन्यातून एकदा तासभर शेजारी बसलेलं पाहिलं आहे, ज्याला खोकला येतो आणि ज्याचा चहा बिनसाखरेचा असतो हे ठाऊक आहे, त्याच्याबद्दलची अफवा कानात शिरायला वेळ लागतो. तेवढा वेळ शहर वाचवायला पुरेसा असतो.

टेबलाला एवढं महत्त्व देणं कुणाला अतिशयोक्ती वाटेल. व्हिएतनाम युद्ध थांबवण्यासाठी पॅरिसला बोलणी सुरू झाली तेव्हा टेबलाचा आकार कसा असावा यावर कित्येक आठवडे खल चालला होता. चौकोनी की गोल, एक की दोन, कोण कोणाच्या समोर. जानेवारी १९६९ मध्ये एक मोठं गोल टेबल आणि त्याच्या दोन बाजूंना लेखनिकांची छोटी टेबलं असा तोडगा निघाला, तेव्हा कुठे बोलणी पुढे सरकली. तिकडे रणांगणावर माणसं मरत होती. मुत्सद्दी वेडे नव्हते. कोण कुठे बसतो हे एकदा मान्य केलं की कोण कोणाला माणूस मानतो हेही मान्य करावं लागतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आपल्या सार्वजनिक जीवनात हे उमगलेलं दिसत नाही. गणेशोत्सवाचा मंडप असो, ईद-मिलनाचा कार्यक्रम असो की मंडळाचा सत्कार, व्यासपीठावर सोफा येतो, त्याच्या पाठीवर टर्किश टॉवेल येतो. खाली पहिल्या रांगेलाही सोफे, आणि मागे प्लास्टिकच्या खुर्च्या. एका साच्यातून निघणारी ती हातांची प्लास्टिकची खुर्ची १९७२ मध्ये आँरी मासोने या फ्रेंच माणसानं बाजारात आणली आणि जगभर पोचली. हलकी, स्वस्त, एकावर एक रचता येणारी. तिच्यात मालक आणि कामगार एकाच उंचीवर येतात, ती कुणीही उचलून हवी तिथे नेऊ शकतो, चार खुर्च्या ओढून गोल करू शकतो. सलोख्याचा कार्यक्रम करणाऱ्यांनी व्यासपीठावरचा सोफा एकदा काढून पाहावा आणि त्याच प्लास्टिकच्या खुर्च्या गोलात मांडाव्यात. भाषणं आपोआप लहान होतील.

जे जमलं होतं ते कायमचं जमलं, असंही मी लिहिणार नाही. ५ जुलै २००६ला निजामपुऱ्यात, कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणं बांधण्यावरून याच शहरात जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसं गेली आणि नंतर दोन पोलिसांना ठार करण्यात आलं. त्याच्या अठरा वर्षं आधी ज्या गावात पोलीस लोकांशेजारी बसायला शिकला होता, तिथे पोलिसाच्या बसण्याच्या जागेवरूनच रक्त सांडलं. उठबस शिल्लक टाकून ठेवता येत नाही, ती रोज करावी लागते. अधिकारी बदलतात, समितीतली माणसं म्हातारी होतात, गल्लीत नवे भाडेकरू येतात. त्यांना कोणीतरी ‘बसा’ म्हणायला हवं.

आणि ज्यांना बसूच दिलं जात नाही त्यांचं काय? केरळात कापड-दुकानांतल्या विक्रेत्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी वर्षानुवर्षं लढा दिला. २०१८ मध्ये तिथल्या दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. २०२१ मध्ये तमिळनाडूनं तोच मार्ग धरला. कारखान्यांसाठी तर हा नियम देशभर स्वातंत्र्यानंतर लगेचच झाला. १९४८च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ४४नं सांगितलं होतं, की उभं राहून काम करावं लागणाऱ्या सर्व कामगारांसाठी बसण्याची योग्य सोय असली पाहिजे, म्हणजे कामात उसंत मिळेल तेव्हा त्यांना टेकता येईल. भिवंडीतले पुष्कळ कारखाने कारखान्यांच्या कायद्याच्या कक्षेबाहेर, दुकानं म्हणून नोंदलेले आहेत, हे जुनं दुखणं आहे. पण स्टूल ठेवायला कायदा आडवा येत नाही.

महामार्गाच्या दोन्ही बाजूंना, माणकोलीपासून वडप्यापर्यंत, भिवंडीची गोदामं पसरली आहेत. त्यांत ऑनलाइन मागवलेले सोफे, रिक्लायनर, ऑफिसच्या खुर्च्या खोक्यांत भरून महाराष्ट्रभर जायच्या तयारीत असतात. ती खोकी चढवणारे-उतरवणारे हमाल दुपारी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर बसून डबा खातात.

दिवाळीला भिवंडीतल्या कितीतरी कारखान्यांत मागांची पूजा होईल, हार चढतील, पेढे वाटले जातील. कारखानदार बंधू-भगिनींनो, त्या दिवशी दर चार मागांमागे एक स्टूल आणून ठेवा. पाठ असलेलं मिळालं तर उत्तमच. पहिल्या दिवशी त्यावर कोणी बसणार नाही, संकोच वाटेल. तुम्ही स्वतः ‘बस’ म्हणा, आणि शेजारी दुसरं ओढून पाच मिनिटं तुम्हीही बसा.